येन्को कॅमेरो शोधायची तर पट्टे बघू नका

डीलरने स्वतः बदलून विकलेली जुनी मसल कार (मोठे, ताकदवान इंजिन असलेली अमेरिकन गाडी) शोधायची म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो लिलावांवर नजर ठेवण्याचा. लिलावात येते ती कुणीतरी आधीच शोधलेली, सजवलेली आणि भाव चढवलेली गाडी. शोधायचे असते ते त्याच्या आधी, जेव्हा ती पेनसिल्व्हेनिया, ओहायो किंवा वेस्ट व्हर्जिनियातल्या एखाद्या गॅरेजात दुसऱ्याच रंगात उभी असते आणि तिच्यावर येन्को या डीलरचे एकही चिन्ह उरलेले नसते.

आधी गाडी नीट समजून घ्या, कारण निम्मी फसवणूक इथेच होते. जनरल मोटर्सने शेव्हरोले कॅमेरोसारख्या गाड्यांच्या इंजिनाला ४०० घन इंचांची मर्यादा घातली होती. पिट्सबर्गच्या नैर्ऋत्येला कॅनन्सबर्ग इथे डॉन येन्को याची शेव्हरोले एजन्सी होती. १९६७ आणि ६८ साली तो ३९६ इंजिनची एसएस कॅमेरो घेई आणि आपल्याच वर्कशॉपमध्ये तिला ४२७ बसवी. १९६९ साली त्याने सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर, म्हणजे कोपो या खास कारखाना-ऑर्डरची वाट वापरली आणि ४२५ अश्वशक्तीचे ४२७ घन इंचांचे एल७२ इंजिन थेट कारखान्यातूनच बसून येऊ लागले. पट्टे, एसवायसी (येन्को सुपर कार) अक्षरे आणि बिल्ले तेवढे कॅनन्सबर्गला लागत. म्हणजे ६७-६८ च्या गाडीत ४२७ इंजिनचा नंबर चासी नंबराशी जुळत नाही हेच बरोबर, आणि ६९ च्या गाडीत, वॉरंटीत बदललेले इंजिन सोडले तर, तो जुळायलाच हवा. हा फरक डोक्यात नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी १: एकच वर्ष, एकच मॉडेल धरा. १९६९ ची कॅमेरो, म्हणजे कोपो ऑर्डर ९५६१, धरावी. साधारण दोनशे बनल्या आणि कागदांचा माग त्यांचाच सगळ्यात चांगला लागतो. त्याच वर्षीची येन्को शेव्हेल ९५६२ या वेगळ्या ऑर्डरची आहे. येन्को नोव्हाचे इंजिन तर कॅनन्सबर्गलाच बदलले गेले, त्यामुळे तिचे नियम निराळे. तिन्ही एकदम शोधायला गेलात तर तिन्हींचे निकष एकमेकांत मिसळतील.

पायरी २: माहीत असलेल्या गाड्यांची यादी करा. जुने लिलाव-कॅटलॉग, मासिकांतल्या जाहिराती, रजिस्टर ठेवणाऱ्या मंडळींच्या नोंदी. प्रत्येक ओळीत चासी नंबर, मूळ रंग, गिअरबॉक्स आणि शेवटचे ठिकाण. लिलाव-कॅटलॉगचा खरा उपयोग एवढाच. एकच नंबर दोन वेगळ्या रंगांच्या गाड्यांवर सापडला तर ती ओळ लाल करून ठेवा.

पायरी ३: जिथे गाड्या धावल्या तिथे शोधा. या गाड्या ड्रॅग रेससाठी, म्हणजे सरळ छोट्या पट्ट्यावरच्या शर्यतींसाठी घेतल्या जात. त्यामुळे त्या भागातल्या जुन्या ड्रॅग स्ट्रिपचे फोटो, १९७० च्या दशकातल्या स्थानिक वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती आणि निवृत्त मेकॅनिक हे खरे स्रोत. जाहिरातीत ‘येन्को’ शब्द शोधत बसू नका. ‘६९ कॅमेरो, ४२७, चार गिअर, ४.१० रिअर’ (४.१० हे मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर) असे लिहिलेले असते, कारण तिसऱ्या मालकाला येन्को कोण हे ठाऊकही नसे. जुन्या मालकाचे नाव परवाना कार्यालयातून मिळेल ही आशा सोडा. १९९४ च्या चालक-गोपनीयता कायद्याने ती वाट जवळपास बंद केली आहे. नाव मिळते ते गाडीच्या कागदांतून किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून. मालक सापडला तर आधी पत्र लिहा. थेट फाटकात जाऊन उभे राहिलात तर पुन्हा कुणीही ते फाटक उघडणार नाही.

पायरी ४: ओळख पटवणे. इथे घाई करू नका. इथे चुकलात तर पैसे परत येत नाहीत.

जवळजवळ सगळे जण उलट्या टोकापासून सुरुवात करतात: पट्टे, मग बिल्ले, मग इंजिन. पट्टे आणि बिल्ले आज कुणीही विकत घेऊ शकतो, त्यांना पुरावा म्हणून शून्य किंमत. बरोबर क्रम असा: आधी पत्रा, मग इंजिन, कागद सगळ्यात शेवटी.

पत्रा म्हणजे चासी नंबर. डॅशबोर्डवर चालकाच्या बाजूला, काचेतून दिसणारी पट्टी. १९६९ च्या आठ सिलिंडरच्या कूपेचा नंबर १२४३७९ ने सुरू होतो, पुढे कारखान्याचे अक्षर: एन म्हणजे ओहायोतले नॉरवूड, एल म्हणजे कॅलिफोर्नियातले व्हॅन नाइस. येन्कोच्या गाड्या नॉरवूडच्या, त्यामुळे एल दिसला की वही मिटा. या नंबरातून इंजिन कोणते ते कळत नाही. कळते असे सांगणाऱ्याचे पुढचे काहीही ऐकू नका. पट्टीचे रिव्हेट फुलाच्या आकाराचे असावेत. मग लपलेले दोन ठसे बघा: एक फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधला पत्रा) हीटरच्या ब्लोअरच्या डब्यामागे, दुसरा काचेखालच्या काउलच्या पत्र्याखाली. विकणारा ब्लोअर काढू देत नसेल तर आपले उत्तर मिळाले असे समजा.

फायरवॉलवरच्या बॉडी टॅगवर कोपो असे लिहिलेले नसते. पण डिसेंबर १९६८ च्या सुमारापासून नॉरवूडच्या टॅगवर एक्सने सुरू होणारा कोड येतो. एक्स११ किंवा एक्स४४ असेल तर पुढे बघा. एक्स६६ म्हणजे एसएस ३९६, एक्स३३ किंवा एक्स७७ म्हणजे झेड/२८ ही कॅमेरोची दुसरी आवृत्ती. अशा गाडीत ४२७ असेल तर ते नंतर कुणीतरी टाकलेले आहे. रंगाचा कोडही वाचा: ७१ ल मां निळा, ७२ हगर नारिंगी, ७६ डेटोना पिवळा. टॅगही नकली मिळतात, म्हणून तो एकटा पुरेसा नाही.

आता इंजिन. नंबराची सपाट जागा उजव्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढे असते. ती वायर ब्रशने किंवा सँडपेपरने घासणारा माणूस स्वतःचाच पुरावा खरवडून टाकतो. मऊ फडके आणि ब्रेक क्लीनर, बस. टॉर्च समोरून न धरता जवळजवळ आडवा धरा आणि चार-पाच कोनांतून फोटो घ्या. कारखान्याच्या मशीनने तासलेल्या त्या पृष्ठभागावर इंजिनच्या लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेघा असतात. रेघा गुळगुळीत झालेल्या किंवा गोल फिरलेल्या दिसल्या तर ब्लॉक पुन्हा तासला आहे.

तिथे टी०४१५एमएन अशा घाटाचा नंबर असतो. टी म्हणजे टोनावांडाचा इंजिन कारखाना, मधले चार अंक महिना आणि तारीख, एमएन म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचे कोपो ४२७. ऑटोमॅटिक असेल तर एमओ. एमएल किंवा एमएम असेल तर ते ॲल्युमिनियमचे झेडएल१, म्हणजे वेगळीच गाडी. चासी नंबरचा शेवटचा भाग, १९एन आणि पुढचे सहा अंक, याच जागेवर किंवा ऑइल फिल्टरजवळ असतो. आणि हे दोन ठसे दोन वेगळ्या कारखान्यांत, वेगळ्या दिवशी, वेगळ्या हातांनी मारलेले असतात. त्यामुळे त्यांची खोली, ओळ आणि अक्षरांची ठेवण थोडी निराळी असणे स्वाभाविक. दोन्ही ठसे एकाच सरळ रेषेत, एकाच खोलीचे, एकाच वळणाचे दिसले तर नंबर नव्याने पंच केलेला आहे असेच गृहीत धरा. ‘किती स्वच्छ नंबर आहे’ हे त्याचे कौतुक नाही.

तारखांचा क्रमही लावा. ब्लॉकवरची ओतकामाची तारीख आधी, मग इंजिन जोडणीची, मग टॅगवरचा बॉडीचा आठवडा. ०४बी म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा. इंजिन गाडीनंतर जन्मलेले निघाले आणि ते वॉरंटीत बदललेले नसेल, तर वाद संपला. मागच्या ॲक्सलच्या नळीवर बीई हा कोड हवा, म्हणजे ४.१० गुणोत्तराचा पॉझिट्रॅक्शन (दोन्ही मागच्या चाकांना ताकद पोचवणारा ॲक्सल). मन्सी गिअरबॉक्सवर पी९ ने सुरू होणारा नंबर, शेवटी बी असेल तर एम२१, सी असेल तर एम२२. स्पीडोमीटर १४० मैलांचा हवा, कारण येन्कोने ९५६१ सोबत ९७३७ ही दुसरी ऑर्डरही दिली होती, त्यात तो आणि १५ इंची चाके येत. नुसती ९५६१ असेल तर गाडी खरी कोपो असू शकते, पण म्हणून ती येन्को होत नाही. बाजारातला सगळ्यात मोठा गोंधळ हाच.

ब्लॉकवर सीई अक्षरे दिसली तर नाक मुरडू नका. वॉरंटीत बदलून दिलेले ते इंजिन. रेस लावताना मूळ फुटले, एवढेच. भाव कमी होतो, गाडी खोटी ठरत नाही.

पायरी ५: कागद. गाडी कॅनन्सबर्गला गेली होती हे फक्त कागदच सांगतो. वॉरंटी पुस्तिकेतली प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही धातूची पट्टी सापडली तर इंजिन, ॲक्सल आणि गिअरबॉक्सचे कोड तिच्यावरून ताडून बघा. तीही नकली मिळते, म्हणून अक्षरांचे वळण बघा. टाकीच्या वर आणि सीटच्या स्प्रिंगमध्ये बिल्ड शीट अडकलेली असते का ते हाताने चाचपा. मग नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीकडून शिपिंग रिपोर्ट मागवा. नाव कॉर्व्हेटचे असले तरी कॅमेरोचाही मिळतो, आणि त्यात रवानगीची तारीख व डीलरचा कोड असतो. विक्रीचे बिल दुसऱ्याच राज्यातल्या एजन्सीचे निघाले तर घाबरू नका. येन्को या गाड्या इतर शेव्हरोले डीलरांमार्फतही विकत असे. कारखान्याचा कागद कॅनन्सबर्गचा हवा, गिऱ्हाइकाचे बिल कुणाचेही असू दे.

पायरी ६: विसार देण्याआधी कोपो गाड्या तपासणारा जाणकार पैसे मोजून न्या आणि टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबर लपलेल्या ठशांशी अक्षर अक्षर ताडा. नंबरची पट्टी काढून दुसरीकडे लावणे हा अमेरिकेत गुन्हा आहे. अशी गाडी जप्त होऊ शकते, आणि मग ती घेणाऱ्याच्या हातून जाते.