मॉफमधलं वायुशोषण मोजताना या चुका टाळा

मॉफ म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून बनलेला सच्छिद्र सांगाडा. एचकेयूएसटी-१ हे तांब्याचं मॉफ नव्याने हाताळणाऱ्याला मी आधी रंग बघायला सांगते. हवेत राहिलेली पूड फिरोजी निळी असते. निर्वातात १५० अंशांच्या आसपास नीट तापली की गडद जांभळट होते. ट्यूबमध्ये कुठे फिकट पट्टा दिसला, तर छिद्रांतले जुने पाहुणे, म्हणजे पाणी किंवा द्रावकाचे रेणू, अजून हललेले नाहीत. मोजणी सुरू करू नका.

सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं. संश्लेषणातलं डीएमएफ हे द्रावक १५३ अंशांना उकळतं आणि अरुंद छिद्रांतून निघता निघत नाही. मग घाईने तापमान वाढवलं जातं आणि सांगाडाच ढासळतो. त्यापेक्षा पूड मेथॅनॉलमध्ये भिजवा, दोन-तीन दिवस रोज मेथॅनॉल बदला, मग सावकाश तापवा. ढासळल्याची शंका आली तर आधी एक्स-रे विवर्तन करून बघा. मशीनला दोष नंतर द्या.

वजन डिगॅसिंगनंतरच, म्हणजे निर्वातात तापवून छिद्रं रिकामी केल्यावरच करा, तेही बंद ट्यूबसकट. रिकाम्या ट्यूबचं वजन आधी घेतलेलं असू द्या. १०० मिलिग्रॅम पुडीत ३० मिलिग्रॅम पाणी असेल आणि हिशोबात १००च धरले, तर १५०० चौरस मीटर प्रति ग्रॅमचं क्षेत्रफळ १०५० दिसतं. पदार्थ चांगला असूनही फेकला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

बीईटीसाठी, म्हणजे शोषलेल्या वायूवरून क्षेत्रफळ काढण्याच्या पद्धतीसाठी, सॉफ्टवेअर ०.०५ ते ०.३ हा सापेक्ष दाब (वायूचा दाब भागिले त्याचा संपृक्त दाब) सुचवतं. सूक्ष्म छिद्रांना तो सहसा चालत नाही, खालचा पट्टा निवडावा लागतो. याच हिशोबातला स्थिरांक सी ऋण आला तर तो आकडा वापरूच नका.

४ए झिओलाइटने (हा मॉफ नसलेला सच्छिद्र पदार्थ) उणे १९६ अंशांना नायट्रोजन जवळपास घेतलाच नाही, म्हणून त्याला छिद्रं नाहीत असं लिहू नका. एवढ्या थंडीत नायट्रोजनला त्या अरुंद दारातून आत शिरता येत नाही. शून्य अंशाला कार्बन डायऑक्साइड देऊन बघा, तो आत जातो.

वायू सोडतानाच्या रेषेत ०.४२ सापेक्ष दाबाच्या आसपास एकदम उतार दिसला की ३.८ नॅनोमीटरची छिद्रं सापडली असं वाटतं. बहुतेक वेळा ती छिद्रं नसतातच. त्या दाबाखाली द्रव नायट्रोजन छिद्रांत टिकत नाही, म्हणून तो उतार येतो. वायू घेतानाची आणि सोडतानाची रेषा अगदी कमी दाबालाही एकमेकींना मिळत नसतील, तर समतोलाचा वेळ वाढवून पुन्हा मोजा. तरीही फट राहिली तर सांगाडा लवचिक असू शकतो. एमआयएल-५३ हे मॉफ पाहुण्यांप्रमाणे आकसतं आणि फुगतं.