फेरेटच्या पिल्लांचे रंग: जोडी लावण्याआधी अंदाज कसा बांधावा

नर गडद तपकिरी, मादी गडद तपकिरी, आणि वेतात मात्र लाल डोळ्यांची दोन पांढरीशुभ्र पिल्लं. असं झालं की पहिला संशय येतो तो मादी दुसऱ्याच नराकडे गेली असावी असा. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. पांढऱ्या रंगाचा जनुक दोन्ही पालकांत आधीपासून होता, फक्त अंगावर दिसत नव्हता. उलटही घडतं: पांढरी मादी आणि चॉकलेटी नर यांची सगळीच्या सगळी पिल्लं गडद तपकिरी निघतात, म्हणजे ना आईसारखी, ना बापासारखी. या दोन्ही गोष्टी आधी सांगता येतात. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि पालकांच्या पालकांची माहिती लागते.

फेरेट हा पाणमांजराच्या कुळातला, युरोपातल्या पोलकॅटपासून माणसाळवलेला प्राणी. त्याच्या रंगांची नावं डझनभर असली, तरी सरळ हिशेब लागतो तो मुख्यतः दोन जनुकांचा. सुरुवात तिथूनच करा.

पहिली पायरी: समोरचा रंग नीट ओळखा

नुसती पाठ पाहून रंग ठरवू नका. फेरेटच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: खाली मऊ, फिकट लोकर आणि वर लांब, राठ केस. रंगाचं नाव ठरतं ते या वरच्या केसांवरून. शिवाय डोळे आणि नाक पाहायलाच हवं.

सेबल म्हणजे मूळ रानटी रंग. वरचे केस गडद तपकिरी, खालची लोकर मलईसारखी, डोळ्यांभोवती मुखवट्यासारखा पट्टा आणि डोळे गडद. चॉकलेटमध्ये वरचे केस दुधाच्या चॉकलेटसारखे असतात आणि नाक गुलाबी ते विटकरी. अल्बिनो पांढरा किंवा मलईसारखा, डोळे लाल, नाक गुलाबी. प्रजननाच्या हंगामात नराच्या त्वचेतून तेल जास्त सुटतं आणि अल्बिनो नर चांगलाच पिवळट दिसतो. त्याला वेगळा रंग समजू नका.

गडद डोळ्यांचा पांढरा फेरेट हा अल्बिनो नव्हे. त्याचं शरीर रंगद्रव्य बनवू शकतं, डोळ्यात ते दिसतंच आहे. फक्त केसांपर्यंत ते पोहोचलेलं नाही. हा फरक पुढे फार कामाला येतो, म्हणून नोंद करताना डोळ्यांचा रंग आधी लिहा आणि अंगाचा नंतर.

रंग ऋतूनुसारही बदलतो. फेरेट वर्षातून दोनदा केस टाकतो आणि हिवाळी अंगरखा सहसा फिकट असतो. चंदेरी छटेचे काही फेरेट तर दर वेळी केस टाकल्यावर आणखी पांढरे होत जातात. म्हणून पालकांचे लहानपणीचे फोटो मिळाले तर जरूर मागून घ्या.

दुसरी पायरी: दोन जनुकांची मांडणी

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. खुणेसाठी आपण साधी अक्षरं वापरू.

पहिला जनुक ठरवतो की रंग बनणार की नाही. रंग बनवणारी प्रत 'र', न बनवणारी 'अ'. 'र' प्रभावी आहे, त्यामुळे 'रर' आणि 'रअ' दोन्ही रंगीत दिसतात. 'अअ' असेल तरच अल्बिनो. हा जनुक टायरोसिनेज नावाच्या विकराचा आहे. रंगद्रव्य बनवण्याची सुरुवात हेच विकर करून देतं. अल्बिनो फेरेटमध्ये या जनुकाचा एक्झॉन ४ हा तुकडाच गळालेला असतो, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

दुसरा जनुक ठरवतो की बनलेला गडद रंग काळसर राहणार की चॉकलेटी होणार. काळसर ठेवणारी प्रत 'क', चॉकलेटी करणारी 'च'. इथेही 'क' प्रभावी. 'कक' आणि 'कच' गडद, 'चच' चॉकलेट. शॅम्पेन हा चॉकलेटचाच फिकट भाऊ, त्यालाही 'चच' धरून चाला.

रंगच बनत नसेल तर तो काळसर की चॉकलेटी हा प्रश्न उरत नाही. म्हणून अल्बिनोच्या आत दुसरा जनुक 'कक' आहे, 'कच' आहे की 'चच', हे त्याच्याकडे बघून कळत नाही. बहुतेकांचे अंदाज चुकतात ते इथेच. पांढरा म्हणजे 'कोरा' असं मनात धरलेलं असतं, आणि प्रत्यक्षात तो आपल्या घराण्याचा रंग पूर्ण झाकून बसलेला असतो.

तिसरी पायरी: लपलेल्या प्रती शोधा

वंशावळ इथे कामाला येते. तीन नियम पुरेसे आहेत. आई किंवा बाप अल्बिनो असेल तर रंगीत पिल्लू नक्की 'रअ'. एखाद्या रंगीत फेरेटला एक जरी अल्बिनो पिल्लू झालं असेल तर तोही नक्की 'रअ'. आणि दोन रंगीत पालकांना अल्बिनो पिल्लू झालं असेल, तर त्याच्या प्रत्येक रंगीत भावंडात 'अ' लपलेला असण्याची शक्यता तीनात दोन. अर्धी नव्हे. कारण अशा जोडीच्या चार शक्यतांपैकी 'अअ' ही समोरचा प्राणी रंगीत दिसतो म्हणून आधीच बाद झालेली असते. उरलेल्या तिनांपैकी दोन 'रअ' असतात. चॉकलेटच्या 'च' साठी हेच तीन नियम लावा, फक्त अल्बिनो नातलगाकडून 'च'चा सुगावा लागत नाही हे लक्षात ठेवून.

माहिती अपुरी असेल तर 'र?' असं लिहून मोकळे व्हा. प्रश्नचिन्ह लिहायला लाजू नका. खोट्या खात्रीपेक्षा ते बरं.

लपलेली प्रत तपासण्यासाठी रंगीत फेरेटची जोडी अल्बिनोशी लावून पाहण्याची जुनी पद्धत आहे. तो 'रअ' असेल तर प्रत्येक पिल्लू अल्बिनो असण्याची शक्यता निम्मी, आणि आठही पिल्लं रंगीत निघण्याची शक्यता २५६ मध्ये फक्त १. पुरावा भक्कम मिळतो, हे खरं. पण नुसतं एक अक्षर जाणून घेण्यासाठी आठ जीव जन्माला घालावेत, हे मला पटत नाही. ही पिल्लं एरवीही हवी होती आणि त्यांची घरं ठरली आहेत, तरच हा मार्ग घ्या.

चौथी पायरी: चौकट भरा

लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली जोडी घेऊ. अल्बिनो मादी 'अअ कक', चॉकलेट नर 'रर चच'. मादीच्या प्रत्येक बीजांडात 'अ' आणि 'क', नराच्या प्रत्येक शुक्राणूत 'र' आणि 'च'. दुसरा पर्यायच नाही, म्हणून सगळी पिल्लं 'रअ कच', म्हणजे सेबल.

आता असाच एक 'रअ कच' नर आणि वेगळ्या घराण्यातली 'रअ कच' मादी घ्या. दोघंही दिसायला साधे सेबल. प्रत्येकाकडून चार प्रकारच्या जोड्या जाऊ शकतात: रक, रच, अक, अच. वर आडव्या ओळीत नराच्या चार, डावीकडे उभ्या ओळीत मादीच्या चार लिहा आणि सोळा घरं भरा. मोजल्यावर मिळतं: ९ सेबल, ३ चॉकलेट, ४ अल्बिनो. त्या चार अल्बिनोंपैकी एक 'अअ चच' असतो, म्हणजे पांढऱ्या अंगरख्याखालचा चॉकलेट.

ब्लॅक, ब्लॅक सेबल, सिनॅमन अशा छटा मात्र या सोळा घरांत कोंबू नका. तिथे पालकांच्या आणि आधीच्या वेतांच्या फोटोंवरून 'गडदकडे झुकतील' किंवा 'फिकट निघतील' एवढंच म्हणणं प्रामाणिकपणाचं.

पाचवी पायरी: आकड्यांचा अर्थ लावा

चौकटीतला आकडा प्रत्येक पिल्लापुरता असतो, वेतापुरता नाही. नाणेफेकीसारखं, आधी काय पडलं याची पुढच्या पिल्लाला खबर नसते. दोन 'रअ' पालकांच्या आठ पिल्लांत 'चारात एक' या हिशेबाने दोन अल्बिनो अपेक्षित आहेत, पण नेमके दोनच निघण्याची शक्यता साधारण ३१ टक्के, आणि एकही न निघण्याची १० टक्के. म्हणून एका वेतात अल्बिनो दिसला नाही यावरून पालकांत 'अ' नाही असं ठरवू नका.

सहावी पायरी: पांढरे पट्टे आणि कान

कपाळावरून मानेपर्यंत जाणारा पांढरा पट्टा म्हणजे ब्लेझ. डोकं आणि मान जवळजवळ पूर्ण पांढरी म्हणजे पांडा. दिसायला हे फेरेट विलक्षण देखणे असतात आणि त्यामुळेच मागणीतही असतात. माझं म्हणणं ठाम आहे: या खुणा असलेल्या फेरेटची जोडी लावू नका.

कारण रंगातच आहे. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळच्या भागातून निघून अंगभर पसरतात. त्यातल्या काही आतल्या कानात जातात आणि तिथल्या द्रवाचा क्षारांचा तोल राखायला मदत करतात. त्या तोलावरच ऐकू येणं अवलंबून आहे. या पेशी जिथे पोहोचत नाहीत तिथे त्वचा पांढरी राहते, आणि कानात पोहोचल्या नाहीत तर प्राणी बहिरा होतो. अल्बिनोमध्ये या पेशी जागेवर असतात, फक्त रंग बनवत नाहीत, म्हणून अल्बिनोपणा आणि हा बहिरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपातल्या १५२ पाळीव फेरेटच्या श्रवणशक्तीची तपासणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यात ४४ जन्मतः बहिरे होते, आणि तपासलेले सगळे पांडा व सगळे ब्लेझ त्यांत होते.

त्या ४४ पैकी १० एकाच कानाने बहिरे होते. असा फेरेट घरात अगदी नेहमीसारखा वागतो. टाळी वाजवून घेतलेली परीक्षा इथे फसते, आणि दोन्ही कानांनी बहिरं पिल्लूसुद्धा जमिनीची कंपनं किंवा हवेची झुळूक जाणवून मान वळवतं. खात्री हवी असेल तर पशुवैद्यकाकडून मेंदूपर्यंत पोहोचणारे ध्वनिसंकेत मोजणारी श्रवणचाचणी करून घ्या. गडद डोळ्यांचा पांढरा किंवा अकाली चंदेरी होत जाणारा फेरेट प्रजननासाठी घ्यायचा विचार असेल तर ही चाचणी आधी, जोडी नंतर.

सातवी पायरी: वेळ पाळा आणि ताळा घ्या

हा सगळा हिशेब मादी माजावर येण्याआधी संपवा. फेरेट मादीत बीजांड समागमानंतरच सुटतं. तोवर माज आठवडेच्या आठवडे चालू राहू शकतो आणि त्या काळातल्या वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे अस्थिमज्जा दबून जीवघेणा रक्तक्षय होऊ शकतो. 'योग्य रंगाचा नर मिळेपर्यंत थांबू' हा विचार तिच्या जिवावर बेतू शकतो. जोडी लावायची नसेल तर माज थांबवण्यासाठी पशुवैद्यकाला वेळेवर विचारा. आणि हंगामात मादी एकाच नराबरोबर ठेवा, नाहीतर पिल्लांचा बाप कोण हेच ठरणार नाही.

गर्भकाळ साधारण ४२ दिवसांचा. जन्मतः सगळ्याच पिल्लांच्या अंगावर बारीक पांढरी लव असते, त्यामुळे पहिल्या दिवशी काही ठरवू नका. रंगीत पिल्लं थोड्याच दिवसांत करडी दिसू लागतात. पांढरी राहिलेली अल्बिनो की गडद डोळ्यांची पांढरी, हे चौथ्या-पाचव्या आठवड्यात डोळे उघडले की पक्कं होतं. तेव्हा प्रत्येक पिल्लाचा डोळा, नाक आणि वरचे केस यांचा फोटो काढा, शेजारी अपेक्षित अक्षरं लिहा, आणि अनपेक्षित रंग दिसला तर पालकांच्या नोंदीतलं प्रश्नचिन्ह खोडून तिथे खरं अक्षर भरा. पिल्लू नव्या घरी जाताना या पानाची एक प्रत त्याच्याबरोबर द्या.