आधी इसार घ्या, मग ॲप बनवा

आमच्या लातूरकडं बैलाचा सौदा असो का प्लॉटचा, इसार दिल्याशिवाय कुणी पक्कं धरत नाही. पण स्टार्टअप म्हणलं की आपण नुसत्या "भारी आयडिया आहे भाऊ" वर सहा महिने घालवतो. मी घालवलेत. सोयाबीनच्या मळणीयंत्राचं बुकिंग करायचं ॲप केलं, दीड लाख गेले आणि पहिल्या सीझनला बुकिंग आली तीन, त्यातलं एक मामाचं.

तर पहिलं काम, लोकांशी बोला पण आयडिया सांगू नका. सांगितली की समोरचा चांगलंच बोलणार, आपल्याकडं तोंडावर कोण नाही म्हणतंय, चहा पाजून वर "करा की, लई गरज आहे" म्हणतात. त्यापेक्षा मागचं विचारा. गेल्या वर्षी मशीन कुठून आणलं, किती दिवस थांबलात, पोत्यामागं किती दिले, मधेच पाऊस आला तेव्हा काय केलं. "वापराल का" ह्या प्रश्नाच्या उत्तराला काडीची किंमत नाही.

मी हे उशिरा विचारलं आणि तेव्हा कळलं की बहुतेकांचा मशीनवाला ठरलेलाच असतो, भावकीतला नाहीतर शेजारच्या गावचा, एक फोन केला की येतो. मशीन सापडत नाही ही अडचण नव्हतीच. सगळ्यांचं सोयाबीन एकाच वेळी काढणीला येतं ही खरी अडचण, आणि ॲपनं काय मशीनी वाढत नाहीत. हे चार दिवस गाडी फिरवून कळलं असतं, पेट्रोलच्या पैशात.

पंधरा-वीस जण पुरतात, मित्र आणि पाहुणे सोडून. आडतीत माल लावून बसलेला माणूस सौदा निघेपर्यंत मोकळाच असतो, नाहीतर कृषी सेवा केंद्राचं बाकडं आहेच. लग्नात विचारू नका, तिथं सगळे हो म्हणतात.

मग हातानं करून बघा. १९९९ मध्ये अमेरिकेत निक स्विनमर्न नावाच्या माणसानं ऑनलाइन बूट विकायचं ठरवलं तर आधी गोडाऊन नाही भरलं, दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, साइटवर टाकले आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून विकत घेऊन पाठवले. बुटामागं काय सुटत नव्हतं, पण लोक न घालून बघता बूट घेतात का हे कळलं, त्यातून पुढं झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी मोठी कंपनी झाली. आपलं गोडाऊन म्हणजे ॲप. दोन गावं धरा, व्हॉट्सॲप बिझनेस आणि एक वही, फोन आला की तुम्हीच मशीनवाल्याला फोन लावा.

आणि इसार. दोनशे रुपये का असंना, क्यूआर पुढं करा. मशीन आलं नाही तर पैसे परत हे आधीच सांगा, नाहीतर गावात फिरायची पंचाईत. किती जणांनी दिले तर पुढं जायचं तो आकडा आधी वहीत लिहा, नंतर लिहिला तर मन आपल्या बाजूनं हिशोब करतं. मी तीसपैकी दहा धरले होते. दिले चौघांनी.

सीड फंडचं, म्हणजे स्टार्टअपला सुरुवातीला मिळणाऱ्या पैशाचं, बरेच जण विचारायलेत. केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडियाच्या २०२१ मधल्या योजनेत अशा चाचपणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान होतं, ते इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या धंद्यांना हात देणाऱ्या संस्थेमार्फत, मिळायचं. संभाजीनगरला मॅजिक नावाचं असं इन्क्युबेटर आहे. आता काय चालू आहे ते जाऊन विचारा, पण ती वही घेऊन जा.

एक गोष्ट शहरातले सांगत नाहीत, आपल्याकडं धंदा हंगामावर असतो. ऑक्टोबर हुकला तर सोयाबीनसाठी वर्ष थांबा, नाहीतर फेब्रुवारी-मार्चात हरभऱ्यावर करून बघा. मी तेच करायलोय, फक्त ह्यावेळी शेतकऱ्याला नाही तर मशीनवाल्याला विचारायलोय, कारण एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना रिकामं डिझेल त्याचं जळतं. दोघांनी पाचशे-पाचशे दिलेत.