नैराश्याची गोळी चालू असताना अर्धशिशी कशी सांभाळावी

नैराश्याची गोळी सुरू असताना अर्धशिशीने डोके वर काढले, की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो ही गोळीच बंद करण्याचा. तेवढे मात्र आपल्या मनाने करू नये. औषध एकाएकी थांबवल्यानेही डोके दुखते, चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी झणझण होते. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन घेणाऱ्यांना तर एखादा डोस चुकला तरी हा त्रास जाणवू शकतो.

म्हणून आधी दुखणे नेमके कशाचे आहे ते पाहावे. एसएसआरआय गटातील (मेंदूतील सेरोटोनिन हे रसायन वाढवणारी, जसे फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन) नैराश्याची गोळी सुरू केल्यावर पहिले एक-दोन आठवडे डोके दुखणे नेहमीचेच असते आणि ते बहुधा आपोआप ओसरते. अर्धशिशीचा झटका उपचाराविना 4 ते 72 तास टिकतो, बहुधा एका बाजूला ठणका लागतो, जिना चढला तरी तो वाढतो, आणि उजेड, आवाज नकोसा होतो. हा फरक स्मरणावर सोडू नये, वहीत नोंदवावा: ‘मंगळवार, सकाळी 11, डावे कानशील, मळमळ, काल रात्रीची गोळी राहिली, नेप्रोक्सेन एक, दीड तासाने उतार.’ या ओळीतला ‘गोळी राहिली’ हा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण डॉक्टरांनी विचारेपर्यंत तो कुणाच्याही लक्षात राहत नाही.

झटक्याची गोळी दुखणे चढायच्या आत, सुरुवातीलाच घ्यावी. पॅरासिटामॉल नेमून दिलेल्या मात्रेत सहसा चालते. आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, अ‍ॅस्पिरिन यांच्याबाबत सावध राहावे, कारण एसएसआरआयसोबत ती घेतल्यास जठर-आतड्यांतून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो; पूर्वी अल्सर झाला असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नयेत.

सर्वांत जास्त घबराट असते ती सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान अशा, अर्धशिशीचा झटका थांबवणाऱ्या ट्रिप्टान औषधांविषयी. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 2006 मध्ये ट्रिप्टान आणि नैराश्यावरील काही औषधे एकत्र घेतल्यास सेरोटोनिन सिंड्रोम (शरीरात सेरोटोनिन घातक प्रमाणात वाढल्याने होणारा त्रास) होऊ शकतो असा इशारा दिला, आणि तेव्हापासून अनेक रुग्णांना उपयोगी पडणारे औषध नाकारले गेले. प्रत्यक्षात हा प्रकार अत्यंत विरळा असल्याचे पुढे दिसून आले, आणि आज अनेकजण ही दोन्ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतात. तरीही हातपाय थरथरणे, स्नायू ताठरणे किंवा फडफडणे, घाम, जुलाब, ताप, धडधड आणि विलक्षण अस्वस्थता ही लक्षणे एकत्र दिसली, तर थेट रुग्णालय गाठावे. एमएओआय गटातील (नैराश्यावरील औषधांचा एक जुना गट) औषध चालू असेल, तर वर सांगितलेल्या दोन्ही ट्रिप्टान वर्ज्यच आहेत. ट्रामाडॉल या जोरकस वेदनाशामकाची भीती मात्र रास्त आहे, कारण नैराश्याच्या गोळ्यांसोबत त्याने सेरोटोनिनचा त्रास आणि फिट येणे या दोन्हींचा धोका वाढतो. सेंट जॉन्स वॉर्ट ही वनौषधी ‘नैसर्गिक’ म्हणून वर आणखी घेऊ नये.

किती गोळ्या घेतल्या यापेक्षा किती दिवस घेतल्या हे मोजावे. साधी वेदनाशामके महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान किंवा मिश्र वेदनाशामके (एकाच गोळीत एकाहून अधिक औषधे असलेली) 10 किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते.

झटके वारंवार येत असतील, तर प्रतिबंधक औषधाविषयी बोलावे. अमिट्रिप्टिलिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही मुळात नैराश्याची औषधे अर्धशिशीही रोखतात, त्यामुळे कधी कधी एकाच औषधात दोन्ही साधते. एसएसआरआयचा मात्र तसा भरवशाचा उपयोग होत नाही. उलट फ्लुनारिझिन आणि टोपिरामेट ही अर्धशिशीची नेहमीची औषधे मन अधिक खचवू शकतात, आणि फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिनमुळे प्रोप्रॅनोलॉल व अमिट्रिप्टिलिन यांचे रक्तातील प्रमाण वाढते. मेंदूविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ वेगवेगळे असतील, तर दोघांनाही चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे दाखवावीत. नावे तोंडी सांगताना एखादे हमखास सुटते.

डोके क्षणार्धात असह्य दुखू लागले, बोलणे अडखळले, हातपाय लुळे पडले, तापासोबत मान आखडली, किंवा जीव द्यावा असे विचार येऊ लागले, तर वहीत नोंद करत न बसता त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगून तातडीची मदत घ्यावी.