मोठ्या टीमसमोर ५-० खायचं कसं थांबवलं

फुटबॉल मॅनेजर या कॉम्प्युटर गेममध्ये (यात आपण टीमचे मॅनेजर असतो) माझी टीम नुकतीच वरच्या लीगमध्ये आलेली, त्यामुळे टॉपच्या टीमसमोर दर वेळी धुलाई. आधी मी काय करायचो तर मेंटॅलिटी (टीमने किती जपून किंवा आक्रमक खेळायचं ते सेटिंग) एकदम डिफेन्सिव्ह, डिफेंडरची लाईन पार खाली आपल्या गोलजवळ, पाच डिफेंडर, आणि बस लावली, म्हणजे सगळे गोलसमोर उभे केले, म्हणून खूश. पण व्हायचं असं की आमचे लोक बॉल नुसता लांब उडवणार, पुढे तो घ्यायला कोणीच नाही, बॉल परत त्यांच्याकडे, मग ९० मिनिटं मारच.

शेवटी ४-१-४-१ फॉर्मेशन केलं (चार डिफेंडर, त्यांच्यापुढे एक, मग चार मिडफिल्डर, पुढे एक स्ट्रायकर), मेंटॅलिटी कॉशस, म्हणजे जरा जपून. प्रेसिंग, म्हणजे बॉल हिसकायला समोरच्यावर धावून जाणं, कमी केलं, कारण आमचे हळू मिडफिल्डर बॉलमागे धावले की मागे हा मोठा गॅप पडायचा. टॅकल करताना (बॉल हिसकावताना) घसरून न जाता पायावर उभं राहायला सांगितलं, बॉक्सजवळचे फाउल बरेच कमी झाले. त्यांचे स्ट्रायकर बुटके असतील तर मी नॅरो डिफेंड करतो, म्हणजे डिफेंडर मधे गोळा ठेवतो, कडेने मारू दे की उंच क्रॉस, आमचे सेंटर बॅक उंच आहेत.

सगळ्यात जास्त फरक मात्र पुढच्या एकट्या स्ट्रायकरने पडला. धिप्पाड काढून पळणारा ठेवला आणि काउंटर (बॉल मिळताच झटपट उलटा हल्ला) ऑन केलं, आता त्यांचे डिफेंडर सगळेच्या सगळे वर यायला कचरतात. परवा ०-० निघाली, जिंकल्यासारखा नाचलो राव.