छोटी गॅस टाकी घरी भरू नका, बदलून घ्या: सोलापूरकरांसाठी पूर्ण पद्धत

केगावला विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहणारा विद्यार्थी, विडी घरकुलातलं चार माणसांचं घर, गड्डा यात्रेत भज्यांचा गाडा लावणाऱ्या ताई, आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूर गाठणारी मंडळी, या सगळ्यांनाच छोटी टाकी लागते. ती ऐन वेळी संपते. घरात मोठी टाकी भरलेली असते, मग हिच्यातूनच थोडा गॅस काढून घेऊ असं मनात येतं. गल्लीत कुणीतरी तसं भरूनही देतो. तुमचं घर आणि शेजाऱ्यांचं घर सुखरूप राहावं असं वाटत असेल तर हे करू नका आणि कुणाकडून करूनही घेऊ नका. छोटी टाकी रीतसर मिळवणं आज अवघड राहिलेलं नाही.

आधी कारण नीट समजून घेऊ. टाकीत असतो तो दाबाखाली द्रव झालेला प्रोपेन आणि ब्युटेन. हा द्रव एक लिटर बाहेर आला की त्याचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्यामुळे वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरतो, मोरीत उतरतो, पलंगाखाली साचतो. हवेत त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गॅस नेताना जोडामधून थोडा तरी निसटतोच, आणि आपण त्याच खोलीत उभे असतो.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. हा द्रव तापला की पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. म्हणून बॉटलिंग प्लांटमध्ये टाकी काठोकाठ कधीच भरत नाहीत. वजनावर मोजून भरतात आणि वर वाफेसाठी जागा राखतात. घरी भरताना ती जागा उरली की नाही, हे कसं कळणार? सकाळी गारव्यात भरलेली टाकी दुपारी पत्र्याच्या खोलीत तापते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्र्याखाली त्याहून अधिक. आतली जागा संपली की द्रव दाबला जात नाही, टाकीचं लोखंड ताणलं जातं. बाजारात मिळणाऱ्या, आयएसआय शिक्का नसलेल्या पातळ पत्र्याच्या टाक्या असा ताण सोसण्यासाठी बनलेल्याच नसतात.

कायद्यानेही याला मनाई आहे. गॅस सिलिंडर नियम २०१६ आणि एलपीजी पुरवठा व वितरण आदेश २००० यांच्याखाली एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस भरणं हा गुन्हा ठरतो. अत्यावश्यक वस्तू कायद्यात यासाठी कैदेची तरतूद आहे.

कोणती टाकी घ्यायची

५ किलोची टाकी दोन प्रकारे मिळते. घरगुती जोडणीवर, म्हणजे नेहमीच्या १४.२ किलोच्या लाल टाकीसारखीच, पण लहान. उज्ज्वला योजनेतल्या ग्राहकांनाही ५ किलोचा पर्याय असतो. ज्यांचा पत्ता कायमचा आहे आणि जड टाकी उचलवत नाही, त्यांनी आपल्या एजन्सीत याची चौकशी करावी.

दुसरी आहे खुल्या विक्रीची ५ किलोची टाकी. इंडेनची ‘छोटू’, एचपीची ‘अप्पू’ ही तिची नावं. भारत गॅसचीही अशी टाकी येते. हिच्यासाठी जोडणी लागत नाही, पत्त्याचा पुरावा लागत नाही, एक ओळखपत्र पुरतं. एजन्सीत, काही पेट्रोल पंपांवर आणि ठरावीक दुकानांत मिळते. पहिल्या वेळी टाकीची किंमत आणि गॅसची किंमत असे दोन्ही पैसे भरायचे. पुढे रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची आणि फक्त गॅसचे पैसे द्यायचे. दर किलोमागे घरगुती गॅसपेक्षा जास्त पडतो, हे आधीच लक्षात ठेवा. तरीही भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी हीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडा लावणाऱ्यांनीही. घरगुती लाल टाकी धंद्यासाठी वापरता येत नाही.

काउंटरवर चार गोष्टी पाहा

घाई असली तरी हे टाळू नका. टाकी ताब्यात घेण्याआधीच हे पाहायचं असतं.

टाकीच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात. त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले दिसतील. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. आकडे वर्षाचे. ‘सी-२८’ लिहिलं असेल तर त्या टाकीची पुढची तपासणी सप्टेंबर २०२८ पर्यंत व्हायला हवी. ही मुदत उलटून गेलेली टाकी घेऊ नका, दुसरी मागा.

मग वजन. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. समजा ७.८ किलो लिहिलं आहे, तर भरलेली १२.८ किलो भरली पाहिजे. काट्यावर ठेवून दाखवा म्हणणं हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच कसला?

तिसरं सील. ते अखंड हवं. चौथी गोष्ट म्हणजे सील काढल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडात आत दिसणारी रबरी रिंग. ती जागेवर आहे का, चिरलेली नाही ना, हे तिथेच बघून घ्या. गळतीच्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा या रिंगमध्येच असतं. रेग्युलेटरही तिथूनच, त्या टाकीला बसणारा घ्या. नळी आयएसआय शिक्क्याची, आत तारांचं जाळं असलेली सुरक्षा नळी घ्या. तिच्यावर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते.

नेताना आणि ठेवताना

टाकी उभीच न्यायची. आडवी झाली की वाफेऐवजी द्रव व्हॉल्व्हच्या तोंडाशी येतो. रेल्वेत आणि एसटीत गॅसची टाकी नेता येत नाही, तेव्हा वारीला निघणाऱ्यांनी सामानाच्या वाहनातून, सावलीत आणि बांधून न्यावी.

घरात सपाट जमिनीवर ठेवा, शेगडी तिच्यापेक्षा उंच ओट्यावर. बंद कपाटात किंवा खड्ड्यात ठेवू नका. आपल्या पूर्व भागात बऱ्याच घरांत अजून माग चालतात. मागाची मोटर आणि स्विच ज्या खोलीत आहेत तिथे टाकी नको. तिथे ठिणगी पडते आणि सुताचा भुगा पेट घ्यायला तयार असतो. कूलरशेजारीही नको.

जोडणी

आधी घरातले दिवे, उदबत्ती, देवाजवळची समई विझवा. दारं-खिडक्या उघडा. शेगडीचे सगळे नॉब बंद, रेग्युलेटरचा नॉबही बंद. व्हॉल्व्हवरची टोपी दोरी ओढून काढा आणि दोरीसकट जपून ठेवा. ती पुढे लागते.

रेग्युलेटरखालची काळी रिंग वर ओढून धरा, रेग्युलेटर व्हॉल्व्हवर बसवा, किंचित फिरवत खाली दाबा आणि रिंग सोडा. नीट बसला असेल तर उचलून पाहिल्यावर सुटत नाही.

आता तपासणी. वाटीभर पाण्यात धुण्याची पावडर टाकून दाट फेस करा. रेग्युलेटर उघडा, शेगडी बंदच ठेवा. फेस ब्रशने तीन जागी लावा: व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरच्या सांध्यावर, रेग्युलेटर आणि नळीच्या जोडावर, नळी आणि शेगडीच्या जोडावर. मिनिटभर टक लावून पाहा. फेस जागच्या जागी विरत गेला तर ठीक. एकाच ठिकाणी बारीक बुडबुडे फुटत पुन्हा पुन्हा उठत असतील तर तिथे गळती आहे. रेग्युलेटर बंद करा, काढा, टोपी लावा आणि एजन्सीला कळवा. काडी पेटवून तपासण्याची सवय काही घरांत आहे. ती आजच मोडा.

वास आला तर

गॅसला मुळात वास नसतो. कळावं म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, तेव्हा त्याला इशाराच समजा. रेग्युलेटर बंद करा. विजेचं एकही बटण दाबू नका, चालू पंखा बंद करायलाही नाही. मोबाइल घराबाहेर जाऊन वापरा. दारं-खिडक्या उघडा, मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना आधी बाहेर काढा. गळती थांबत नसेल आणि आग नसेल तर टोपी लावून टाकी मोकळ्या जागेत नेता येते. १९०६ हा गॅस गळतीसाठीचा तातडीचा क्रमांक आहे, रात्रंदिवस चालतो. दाराच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

संपायच्या आत

एक बर्नर मोठ्या आचेवर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस घेतो. म्हणजे ५ किलोची टाकी तीस-तेहेतीस तास जळते. किती उरला हे पाहायचं असेल तर टाकीवरून ओला फडका फिरवा. आत द्रव आहे तिथपर्यंतचा भाग उशिरा वाळतो, वरचा लवकर. ओलसर पट्टा तळाशी आला की बदलीची तयारी करा. गॅस कमी येतो म्हणून टाकी आडवी करणं, हलवणं, गरम पाण्यात ठेवणं बंद करा. रिकामी झालेल्या टाकीतही थोडा गॅस असतोच, म्हणून रेग्युलेटर काढून जपून ठेवलेली टोपी लावा आणि मगच ती बदलायला न्या.