जुन्या वास्तूवर तात्पुरतं आर्ट इन्स्टॉलेशन करायचंय? मग कापडाचं कोटेशन शेवटी मागवा

एखाद्या जुन्या कमानीला किंवा पुतळ्याला थोड्या दिवसांसाठी वेगळंच रूप द्यायची आयडिया डोक्यात आली की बहुतेक जण आधी कापडवाला आणि लाइटवाला गाठतात. उलट करा. आधी शोधा की वास्तू कोणाच्या ताब्यात आहे आणि "हो" म्हणायचा अधिकार नेमका कोणाकडे आहे, कारण खरा वेळ तिथंच जातो. क्रिस्तो आणि जान-क्लोद या कलाकार नवरा-बायकोचं बर्लिनचं राइशस्टाग, म्हणजे जर्मन संसदेची इमारत, कापडात गुंडाळायचं १९७१ पासून डोक्यात होतं, झालं १९९५ मध्ये, आणि त्याआधी जर्मन संसदेत त्यावर चक्क मतदान झालं, २९२ विरुद्ध २२३. एवढी खटपट कशासाठी, तर दोन आठवड्यांसाठी! आपल्याकडे केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याशिवाय पान हलत नाही, आणि १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी असते, तेव्हा "जरा बाजूला काहीतरी उभारू" हेही गृहीत धरू नका.

परवानगीच्या मागे लागलात की सोबतच ठरवा, दगडाला नेमकं काय टेकणार. कापड दिसायला हलकं असतं पण वारा भरला की ते ओढतं आणि घासतं, आणि शिल्पाचं नाक-बोट आधी जातं. याच जोडीच्या कल्पनेनुसार पॅरिसची आर्क द त्रिओंफ ही विजयकमान २०२१ मध्ये गुंडाळली तेव्हा २५ हजार चौरस मीटर कापड आणि ३ हजार मीटर लाल दोर लागला, पण मला त्यातलं खरं काम वाटतं ते आतलं, शिल्पांभोवती आधी स्टीलचे सांगाडे उभे केले म्हणजे कापडाचा भार शिल्पांवर येणार नाही. आणि कमानीखाली अनोळखी सैनिकाची समाधी आहे, तिथली ज्योत आणि रोज संध्याकाळचा कार्यक्रम त्या १६ दिवसांतही चालूच राहिला. तुमच्या वास्तूत पूजा, उरूस, झेंडावंदन काही होत असेल तर तुमचं डिझाइन त्याच्याभोवती बसवा, तो कार्यक्रम हलवायला सांगू नका.

तारीख ठरवताना पक्षीही बघा. हसू नका, पॅरिसचं हे काम आधी एप्रिल २०२० ला व्हायचं होतं, ते कमानीवर घरटी करणाऱ्या खरुची या छोट्या शिकारी पक्ष्यांसाठी सप्टेंबरवर ढकललं, मग कोविडमुळे आणखी एक वर्ष गेलं. तोवर क्रिस्तो वारले होते, काम त्यांच्या पुतण्याच्या देखरेखीखाली पूर्ण झालं.

पैशाचं म्हणाल तर पॅरिसचा खर्च साधारण १.४ कोटी युरो, तोही सरकारी पैसा न घेता, क्रिस्तोची स्केचेस आणि मॉडेल्स विकून उभा केलेला. आपल्याला ते जमणार नाही हे मान्य, पण स्पॉन्सर घेतलात तर लोगो कुठे आणि केवढा हे पहिल्याच मीटिंगमध्ये लिहून घ्या, नाहीतर कमान दिसायची नाही आणि शुभेच्छुकांचा फ्लेक्सच दिसेल.

झाकायचंच असं काही नाही हं. जपानचे कलाकार तात्झू निशी यांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबसच्या पुतळ्याभोवती उंचावर चक्क दिवाणखाना बांधला, सोफा, टीव्ही सगळं, लोक जिने चढून वर जायचे आणि एरवी खालून ठिपक्याएवढा दिसणारा पुतळा टीपॉयवर उभा असल्यासारखा समोर दिसायचा. यातली घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याच प्रोजेक्टला पुतळ्याच्या दुरुस्तीचं कामही जोडलं होतं. परांची उभारणारच आहात तर वास्तूच्या मालकाला विचारा की त्यावरून काय साफसफाई, काय डागडुजी करून घेता येईल, परवानगीची फाइल त्याने बरीच हलकी होऊ शकते.

आणि काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भेगेचा, प्रत्येक तुटक्या कोपऱ्याचा तारखेसकट फोटो काढून त्यावर मालकाच्या माणसाची सही घ्या, सगळं उतरवल्यावर "हे तुम्हीच तोडलं" म्हणणारा एक जण तरी भेटतोच.